ठाऊक सगळ्यांना, सांगणार कोण?

“मावशी, तुम्ही इतकी वर्षं बँकेत काढलीत ना? मग एक सांगा. साहेब खोटी बिलं पास करतोय हे डोळ्यांनी दिसलं, तर सांगायचं कुणाला?”

वहिनींनी आवाज खाली आणला की आमच्याकडे सगळ्यांचे कान टवकारतात. मुलुंड पूर्वेला आमच्या आणि मावशींच्या सोसायटीच्या मधे कमरेएवढी एक भिंत आहे. ती तुमची की आमची, हा वाद दोन्हीकडच्या वार्षिक सभेत दर वर्षी निघतो आणि बटाटेवड्यांबरोबर संपतो. त्यामुळे तिची डागडुजी कुणी करत नाही आणि तिच्यावर कोपर टेकायला कुणाची हरकतही नसते. पलीकडे मावशी, सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. अलीकडे वहिनी, मी, आणि खुर्ची टाकून पेपर वाचण्याचं नाटक करणारे आबा. आबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. कारखान्याच्या जागी आता टॉवर उभा आहे, पण आबांचा आवाज अजून गेटसभेचाच आहे.

“कुठला साहेब?” मावशींचा कढीपत्ता निवडणारा हात थांबला.

“आमच्या पोरीचा. अंधेरीचा.”

वहिनींची मोठी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. जीएसटीसाठी बिलं जुळवताना तिच्या लक्षात आलं की एकाच व्हेंडरची पुठ्ठ्याच्या खोक्यांची बिलं येतात, पैसे जातात, पण गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये त्या खोक्यांची नोंदच नाही. खोके आले नाहीत. आले असते तर ठेवायला गोडाऊनही नाही. बिलांवर सही परचेसच्या साहेबांची.

“आणि ऑफिसात कुणाला पत्ता नाही?” मी विचारलं.

“पत्ता नाही? ताई, सगळ्यांना पत्ता आहे! पोरगी म्हणते, घाटकोपरला मेट्रोत चढलं की चकाला येईपर्यंत डब्यात हाच विषय. व्हेंडर साहेबांचा कोण लागतो, साहेबांनी ठाण्याला दुसरा फ्लॅट कसा घेतला, सगळं तोंडपाठ. आणि कार्ड पंच करून आत गेल्या की सगळ्या एक्सेल उघडून गप्प.”

आबांनी पेपर खाली केला. “भित्री जमात! आमच्या वेळेला असं कुणी केलं असतं ना, तर...”

“आबा, तुमच्या वेळेला कॅन्टीनची साखर कुठं जायची ते मला माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “माझी वहिनी होती तिथं. तुम्ही किती गेटसभा घेतल्यात त्या साखरेवर?”

आबा पुन्हा पेपरात गेले. मला आबांची दया आली नाही. धैर्य नाही, भित्रे आहेत, असं म्हणून हा विषय संपवणारी माणसं बहुधा स्वतः कधी त्या खुर्चीत बसलेली नसतात.

“मी तुला एक विचारते,” मावशी वहिनींना म्हणाल्या. “पीएमसीचं उघडं कुणी पाडलं, माहीत आहे?”

पीएमसी म्हटलं की आमच्या भिंतीवर एक क्षण कुणी बोलत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. मुख्य कचेरी इथून हाकेच्या अंतरावर, भांडुप पश्चिमेला, ड्रीम्स मॉलमध्ये होती. 24 सप्टेंबर 2019, मंगळवार. सकाळी खातेदारांच्या मोबाइलवर मेसेज आला की रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातलेत आणि सहा महिन्यांत मिळून खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या निम्म्या सोसायट्यांचे मेंटेनन्सचे पैसे तिथं, पेन्शनी तिथं, लग्नासाठी ठेवलेल्या एफड्या तिथं. पुढं ती मर्यादा दहा हजार झाली, पंचवीस झाली, चाळीस, पन्नास, आणि जून 2020 मध्ये एक लाख. दर वेळी माणसं शाखेसमोर ओळीनं उभी.

“रिझर्व्ह बँकेनं पाडलं ना उघडं?” वहिनी म्हणाल्या.

“रिझर्व्ह बँक दर वर्षी तपासणीला येत होती. त्यांना दाखवायची पुस्तकं वेगळी होती. एचडीआयएलची 44 खाती, थकलेली. ती झाकायला एकवीस हजारांवर खोटी खाती तयार केली, 21,049. बँकेनं दिलेल्या एकूण कर्जांतलं जवळजवळ 73 टक्के कर्ज त्या एका बिल्डरच्या गटाला. साडेसहा हजार कोटींच्या घरात. आणि ती खरी खाती मोजक्याच लोकांना दिसतील अशी कॉम्प्युटरात सोय.”

“आणि बँकेची कचेरी ज्या मॉलमध्ये, तो मॉल कुणी बांधला?” आबा पेपरामागून. “त्याच बिल्डरनं! बिल्डरच्या छताखाली बसून बिल्डरला कर्ज.”

“हे मात्र आबा बरोबर बोललात,” मावशी म्हणाल्या. “तर ऐक. त्या वेळी पेपरांत छापून आलं होतं की बँकेच्या कर्ज खात्यातल्या काही बायकाच रिझर्व्ह बँकेकडं गेल्या. एकटी नाही, मिळून. त्यांनी सांगितलं की आमच्याकडून असं असं करून घेतलं जातंय. मग मॅनेजिंग डायरेक्टर जॉय थॉमस यांनी 21 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला लांबलचक पत्र लिहून कबुली दिली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एचडीआयएलचे वाधवान बाप-लेक, बँकेचे चेअरमन, थॉमस, सगळे आत.”

“त्या बायकांची नावं?”

“नावं कशाला हवीत तुला? बाहेर आली नाहीत हेच चांगलं झालं. पण मी सारखा विचार करते त्यांचा. कर्ज खात्यात काम करणारी बाई म्हणजे कोण? माझ्यासारखीच. सकाळी डबा करून आठ-सतराची स्लो पकडणारी. एंट्री मारायची, साहेबांनी सांगितलेला कोड टाकायचा. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. दहाव्या दिवशी शंका येते. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईला हळूच विचारायचं, ‘तुझ्याकडं पण असली खाती येतात का गं?’ हा प्रश्न फार मोठा असतो. हा विचारेपर्यंत आपल्याला वाटत असतं की आपल्यालाच समजत नसेल. ती ‘हो’ म्हणाली, की मग ते दोघींचं होतं.”

मला हे पटलं. आपण ऑफिसातल्या गप्पांना नावं ठेवतो. ‘बायका कुजबुजत बसतात’ वगैरे. पण त्या कुजबुजीशिवाय पीएमसीतली एकही बाई रिझर्व्ह बँकेच्या फोर्टातल्या त्या उंच इमारतीपर्यंत गेली असती असं मला वाटत नाही. आधी एकमेकींना सांगितलं असणार, मगच बाहेर. मेट्रोतल्या त्या पोरींचं घोडं इथंच अडलंय. एकमेकींना सांगून झालंय, पुढची पायरी कुठं आहे तेच ठाऊक नाही.

“पण मावशी, एक बोलू?” वहिनींनी पदर खोचला. “बायकांनी सांगितलं, बँक बंद पडली, लोकांचे पैसे अडकले. आमच्या मिस्टरांचे मामा म्हणायचे, गप्प बसल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान आपले पैसे काढून घेता आले असते.”

“मामांनी काढले असते, आणि बाकीच्यांनी काय करायचं होतं? अगं, बँक कर्जानं बुडाली, सांगण्यानं नाही. आणखी दोन वर्षं गप्प बसल्या असत्या तर खड्डा दुप्पट झाला असता. पण तू म्हणतेस ते खोटं नाही. सांगणाऱ्याच्या मनात हे येतंच. बँकेतल्या माणसाची पगाराची एफडी त्याच बँकेत, नोकरी तिथं, आईचं खातं तिथं, सोसायटीचं खातं त्यानंच ओळखीनं तिथं उघडलेलं. तोंड उघडलं तर पहिलं छप्पर आपल्याच डोक्यावर येणार. आपलेच दात, आपलेच ओठ.”

त्या पैशांचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते, कारण अजून भिंतीवर त्यावरून वाद होतात. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेवींवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. 25 जानेवारी 2022 ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या रकमा टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत मिळायच्या ठरल्या. ऐंशी वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा. असो.

एवढ्यात माझी भाची चप्पल फटफटवत खाली आली. ती वझे-केळकरला मानसशास्त्र शिकते, आणि कुठल्याही गप्पांत तिच्याकडे एक प्रयोग तयार असतो.

“मावशीआजी, याच्यावर एक भारी एक्सपरिमेंट आहे. 1968 सालचा. लाताने आणि डार्ली. अमेरिकेत. मुलांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. खोटा धूर. एकटा मुलगा बसलेला असेल तर शंभरातले पंचाहत्तर उठून सांगायला जायचे. तिघं अनोळखी एकत्र बसवले, तर सांगणारे गट शंभरात अडतीस. आणि दोन माणसं मुद्दाम शिकवून बसवली, की धुराकडं बघायचं आणि खांदे उडवून फॉर्म भरत राहायचं, तर शंभरातले दहाच उठले. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत होते!”

“अगं बाई! आणि विचारलं तर काय म्हणाले?”

“काहींना वाटलं एसीची वाफ आहे. आग असेल असं कुणी म्हणालं नाही.”

“आमच्या बँकेत एसीची वाफ म्हणत नव्हते,” मावशी म्हणाल्या, “‘वरून सांगितलंय’ म्हणत होते. अर्थ तोच.”

आबांनी आता पेपराची घडी केली. हा विषय प्रयोगांवर जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. “मला सांगा, न्यू इंडियाचं काय? माझं खातं होतं तिथं. जॉर्ज फर्नांडिसनं काढलेली बँक! 1968 साली, बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक नावानं, आमच्यासारख्या कामगारांसाठी. पुढं नाव बदललं. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेची माणसं तिजोरी मोजायला गेली तर 122 कोटी रुपये गायब! प्रभादेवीच्या आणि गोरेगावच्या तिजोरीतून. कागदावर आहेत, तिजोरीत नाहीत. गुन्हा दाखल झाला, जनरल मॅनेजरला अटक झाली. आता सांगा, 122 कोटी म्हणजे नोटा किती? पाकिटातून जात नाहीत त्या. पेट्या लागतात, गाडी लागते, शिपाई लागतो. कुणालाच दिसलं नाही?”

“दिसलं असेलही,” मावशी सावकाश म्हणाल्या. “मी त्यांच्यावर बोट ठेवणार नाही, कुणाला काय माहीत होतं ते कोर्ट ठरवेल. पण तिजोरीचं काम मी केलंय. रोज संध्याकाळी मोजणी, दोन किल्ल्या, दोन सह्या. आता समोर साहेब उभा असतो. तो वीस वर्षं तिथं आहे, त्यानंच तुला परमनंट केलंय. तो म्हणतो, ‘सही कर गं, गाडी येईल उद्या, मोजून टाकू.’ तू त्या वेळी ‘आधी मोजू’ म्हणशील? पहिल्या दिवशी सही केलीस की दुसऱ्या दिवशी तू नुसती बघणारी नसतेस. तुझी सही आहे त्यावर. मग सांगायला जाणं म्हणजे स्वतःलाही आत घालणं.”

हे मी याआधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. भीती आपण साहेबाची धरतो. पण बऱ्याचदा भीती आपल्याच जुन्या सहीची असते. पीएमसीतल्या बायकांनीही एंट्र्या स्वतःच मारल्या असतील तर रिझर्व्ह बँकेपुढं ‘आमच्याकडून करून घेतलं’ म्हणणं ही तक्रार कमी आणि कबुली जास्त झाली असेल. म्हणून मला त्यांचं जास्त वाटतं.

न्यू इंडियाचे खातेदार त्या मानानं लवकर सुटले. ऑगस्ट 2025 मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. आबांना पैसे मिळाले, पण बँकेच्या नावासाठी ते अजून हळहळतात.

“मावशी, माझ्या पोरीचं सांगा हो,” वहिनी रडकुंडीला आल्या. “तिचं एक आणखी आहे. मी सांगितलं नाही मघाशी. आमच्या ह्यांची बायपास झाली ना, तेव्हा रजा नव्हती पोरीची. त्या परचेसच्या साहेबांनीच तिला रजा मिळवून दिली, अॅडव्हान्सही काढून दिला. हॉस्पिटलात नारळपाणी घेऊन आले होते ते. पोरगी म्हणते, आई, मी कुठल्या तोंडानं सांगू?”

यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणाकडंच उत्तर नव्हतं. कायद्याची पुस्तकं नोकरी जाण्याबद्दल बोलतात, बदलीबद्दल बोलतात. नारळपाण्याबद्दल कुणी बोलत नाही. गुन्हा करणारा माणूस सिनेमातल्यासारखा काळा चष्मा घालून आला असता तर सोपं होतं. तो आपल्या बापाच्या खाटेशी बसलेला असतो. आणि आपल्या मायेनं समोरच्याचं तोंड बंद होतं हे त्याला ठाऊक असतं, असंही नाही. खरंच मायाळू असतात हो काही खोटी बिलं करणारे.

“उपकार त्यानं कंपनीच्या पैशानं केले ना?” आबा.

“रजा त्यांनी मिळवून दिली, आबा. रजा कंपनीच्या पैशाची नसते, माणसाच्या शब्दाची असते,” वहिनी म्हणाल्या. आबा चक्क गप्प बसले.

मग ते हळूच म्हणाले, “मोठमोठ्यांचं काय झालं बघा. खैरनार. पालिकेचे उपायुक्त. थेट मुख्यमंत्र्यांवर आरोप केले, 1994 मध्ये निलंबित. ट्रकभर पुरावे आहेत म्हणाले होते. सगळी मुंबई त्या ट्रकची वाट बघत होती.”

“आणि ट्रक आलाच नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणून मी पोरीला सांगणार, आधी कागद, मग तोंड. दुसरीकडे तो नाशिकचा पांढरे बघा. विजय पांढरे, पाटबंधारे खात्याचा मुख्य अभियंता. 2012 साली मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, कुठल्या धरणाचं काम निकृष्ट, कुठं अंदाजपत्रक फुगवलं. तो भाषण करत नव्हता, खात्यातला आकडा बोलत होता. त्याच वर्षी आर्थिक पाहणीत आलं होतं की दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं एक दशांश टक्का. दोन्ही जुळलं. सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं.”

“आणि डिसेंबरात परत घेतलं,” आबा. “आणि पांढऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती.”

“म्हणजे सांगून उपयोग काय?” वहिनी.

खरं तर हाच प्रश्न सगळ्यात वाईट. लोकांना मार खायची भीती असते ती असतेच. पण मार खाऊन काहीच होणार नाही, ही खात्री त्याहून जास्त तोंड बंद करते. मागच्या खेपेला तक्रार करणाऱ्याचं काय झालं, हे ऑफिसात कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त वाचलं जातं. एका माणसाची तक्रार ऐकून घेतली, चौकशी झाली, आणि तो पुढच्या वर्षीही त्याच खुर्चीत बसलेला दिसला, तर दहा जण पुढं येतात. एकाची बदली झाली की दहा वर्षं शांतता. भाची म्हणाली की अभ्यासकही हेच सांगतात. मी म्हटलं, तुझ्या अभ्यासकांना आमच्या भिंतीवर पाठव, फुकट सांगू.

“निनावी पत्र टाकलं तर?” मी विचारलं.

“एनएसईचं तसंच झालं होतं,” मावशी म्हणाल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांचं अर्थकारण वाढलंय. “आपल्या बीकेसीतलं नॅशनल स्टॉक एक्स्चेंज. 2015 च्या जानेवारीत केन फाँग नावानं सेबीला पत्र गेलं, की काही ब्रोकरांना दरांची माहिती इतरांच्या आधी मिळते. एक प्रत पत्रकार सुचेता दलालना. त्यांनी आणि देबाशिष बसूंनी ‘मनीलाइफ’मध्ये छापलं. एनएसईनं त्यांच्यावरच शंभर कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा ठोकला! हायकोर्टानं एनएसईलाच पन्नास लाखांचा दंड केला. पण ते पत्र का चाललं? त्यात यंत्रणा कशी चालते ते बारकाईनं लिहिलं होतं. नाव खोटं, मजकूर आतल्या माणसाचा. नुसतं ‘आमचे साहेब चोर आहेत, कारवाई करावी, एक त्रस्त कर्मचारी’ असं लिहिलंस तर ते टोपलीत जातं.”

“सरकारी नोकरी असती तर कायदा आहे ना काहीतरी?”

आबा जोरात हसले. “आहे की! तो दुबे. सत्येंद्र दुबे, हायवेचा इंजिनिअर. पंतप्रधानांना पत्र लिहिलं, माझं नाव गुप्त ठेवा म्हणाला. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत गोळ्या घातल्या त्याला. मग 2004 मध्ये सरकारनं ठराव केला, केंद्रीय दक्षता आयोगाकडं गुप्त तक्रार करायची सोय झाली. आणि कायदा झाला 2014 साली. मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. अजून लागू झालेला नाही!”

“अजून?”

“अजून. सही झालेला कायदा, रजिस्टरात नोंद, गोडाऊनमध्ये माल नाही. तुमच्या पोरीच्या खोक्यांसारखं!”

आबांचा हा विनोद त्यांनाच इतका आवडला की तो त्यांनी पुन्हा एकदा सांगितला.

“तो कायदा असूनही हिच्या पोरीला उपयोग नाही,” मावशींनी विषय जाग्यावर आणला. “ती खासगी कंपनीत. तिला कंपनी कायदा. 2013 चा, कलम 177. शेअरबाजारातली कंपनी असेल, लोकांच्या ठेवी घेत असेल, किंवा बँकांचं कर्ज पन्नास कोटींच्या वर असेल, तर तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते. आणि वेळ पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडं जाता आलं पाहिजे. कमिटी नसेल तर बोर्डानं एक डायरेक्टर नेमून द्यायचा. पोरगी अकाउंट्सला आहे, कर्ज किती ते तिला माहीत असेल.”

“साठ कोटी,” वहिनी ताबडतोब म्हणाल्या. “कर्जाच्या हप्त्यावरून रडत असते ती.”

“मग आहे यंत्रणा. कागदावर तरी असणार. एचआरला विचारायचं नाही, कंपनीच्या वेबसाइटवर बघायचं. एचआरला विचारलं की दुपारी चहाला सगळ्यांना कळतं, कुणीतरी विचारलं म्हणून.”

इथं मला राहवलं नाही. “पण मावशी, समजा केली तक्रार. काढून टाकणार नाहीत लगेच. पण कामच देणार नाहीत. अप्रेझलला ‘टीम प्लेयर नाही’ लिहितील. नोकरी सोडली तर रिलीव्हिंग लेटर अडवून धरतील. नव्या कंपनीनं फोन केला की म्हणतील, मुलगी हुशार आहे, पण जरा... आणि तो ‘पण जरा’ आयुष्यभर मागं लागतो.”

“बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या. “म्हणून विचारायचं, घरात किती महिन्यांचं भागेल? मी तिला शूर हो सांगणार नाही. हिशेब कर सांगेन. ज्या पोरीचा फ्लॅटचा हप्ता पगाराच्या निम्मा आहे, ती गप्प बसली तर तिला भित्री म्हणायचं नाही. हप्ता सगळ्यात मोठा साहेब असतो या शहरात. तुमच्या घराचं कसंय?”

“घराचा हप्ता फिटलाय. पण यांची औषधं आहेत. आणि धाकटीची फी.” वहिनींनी बोटं मोजली. “चार-पाच महिने निघतील.”

“मग ती पुढं होऊ शकते. पण एकटी नाही.”

त्यानंतरचं सगळं आठवडाभर भिंतीवर तुकड्यातुकड्यांनी चाललं. वहिनींच्या मोठीनं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती बोरिवलीची, लग्न ठरलेलं, सासर त्याच धंद्यातलं. ती म्हणाली, मी सही करते, पण माझं नाव दुसरं. गेटवरचा स्टोअर्सचा माणूस बदलापूरहून येतो, दोन मुलं, गृहकर्ज. तो आधी म्हणाला, मला काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणाला, सही माझी मागू नका, पण रजिस्टर दुपारी दोन ते अडीच टेबलावर असतं आणि मी तेव्हा जेवायला जातो.

तक्रारीच्या पत्राच्या मजकुरावरून इथं बरीच भांडणं झाली. आबांना पहिल्याच ओळीत ‘लुटारू’ हवा होता. मावशींनी तो काढला. आबांनी ‘संगनमतानं’ घातला, मावशींनी तोही काढला. शेवटी पत्रात विशेषण एकही उरलं नाही. बिल नंबर, तारीख, रक्कम, चलन नंबर, आणि समोर ‘इनवर्डला नोंद नाही’. ओळीखाली ओळ. साहेबांचं नाव फक्त सहीच्या रकान्यात. वहिनींच्या पोरीनं ते एकदा वाचलं आणि म्हणाली, हे तर मी रोज करते तेच काम आहे. रजेचा आणि नारळपाण्याचा उल्लेख करायचा की नाही यावरही बोलणं झालं. ती म्हणाली, नाही. ते माझ्या आणि त्यांच्यातलं आहे, ते मी त्यांना नंतर भेटून सांगेन. तिला ते खरंच जमेल का, याबद्दल भिंतीवर दोन मतं आहेत.

काल संध्याकाळी वहिनी रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवरचे फोटो घेऊन आल्या. घाईघाईत काढलेले, एकात स्टोअर्सवाल्याच्या डब्याचं झाकण आलेलं.

“मावशी, असं चालेल का? त्याची सही नाहीच आहे कुठं.”

मावशींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पान मोठं करून पाहिलं. “तारीख दिसतेय. गेटपासचा नंबर दिसतोय. चालेल. झाकणाचा फोटो तेवढा पुन्हा काढून आण म्हणावं, डब्यावर नाव आहे त्याचं.”